झाडावरची अळंबी : नाव आणि अर्थ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले. निसर्गाचा धडा शिकवताना ते पुस्तके मिटावयास सांगत आणि सारा वर्ग अंगणातील झाडांखाली नेत. आपल्या बडोद्याच्या नावातच वड आहे, तेव्हा बडोदेकराला झाडे ओळखता आलीच पाहिजेत, असे ते म्हणत. म्हणून या व्याख्यानासाठी मी झाडांचाच विषय निवडला आहे. तो निवडण्यामागे एक जुनी रुखरुखही आहे. ती आरंभीच सांगून टाकतो.

आमच्या पिढीतील विद्यार्थ्यांना पाण्याच्या टाकीजवळचा गुलमोहर आठवत असेल. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकत असताना एका पावसाळ्यात शाळेत आलो होतो. गुलमोहराच्या बुंध्याशी, अगदी मातीलगत, तांबूस तपकिरी रंगाची, रोगण फासल्यासारखी चकाकणारी, बशीएवढी तीन-चार अळंबी एकावर एक उगवलेली दिसली. शाळेचे जुने शिपाई तेथेच झाडत होते. ते मला लहानपणापासून ओळखत. त्यांनी विचारले, "काय रे, हे काय उगवतंय दर पावसाळ्यात? मी काढून टाकतो, तर पुन्हा येतं." मी ऐटीत म्हणालो, "काका, हे गॅनोडर्मा ल्युसिडम." "म्हणजे काय?" "एक प्रकारची बुरशी." एवढ्यावर आमचे संभाषण संपले. मला नाव ठाऊक होते. त्या झाडाच्या दृष्टीने त्या नावाचा अर्थ काय, हे मला सुचले नाही आणि मी ते सांगितलेही नाही.

दोन वर्षांनी श्रावणातल्या एका रविवारी सायंकाळी तो गुलमोहर मुळासकट आडवा झाला. वादळ नव्हते, वाराही नव्हता. चार दिवसांच्या पावसाने जमीन तेवढी मऊ झाली होती. सायकलींची शेड पार चेपली. रविवार होता म्हणून शेडमध्ये कोणी नव्हते. उघड्या पडलेल्या जाड मुळ्या पांढुरक्या आणि स्पंजासारख्या झाल्या होत्या. बोटांनी दाबल्या तर पाणी सुटे आणि तंतू वेगळे होत.

त्यानंतर भीतीपोटी दुसरी चूक घडली. फाटकाजवळच्या कडुनिंबाच्या एका वाळक्या फांदीवर नखाएवढी, पांढरट, केसाळ अळंबी दिसली आणि ते सारे झाड तोडण्यात आले. तोडल्यावर पाहिले तर खोड काठापासून मध्यापर्यंत निकोप होते. यात कोणास दोष देण्याचा माझा हेतू नाही. सांगणारा कोणी नव्हता, आणि ज्याने सांगावयास हवे होते तो मी, नाव सांगून मोकळा झालो होतो. एकदा अळंब्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे आणि एकदा अळंब्याला घाबरल्यामुळे आपण दोन वेळा चुकलो. या दोन चुकांच्या मधला जो शहाणपणाचा मार्ग आहे, तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

दिसते ते फळ, मूळ आत

बुरशी अथवा कवक ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. ते तिला दुसऱ्याच्या शरीरातून मिळवावे लागते. तिचे खरे शरीर म्हणजे डोळ्यांना एकेकटे न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे होय. या तंतूंची जाडी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या काही पटीत भरते. असे जाळे लाकडाच्या आत वर्षानुवर्षे पसरत राहते. पुरेसे अन्न साठले आणि हवेत ओल आली की ते सालीबाहेर एक अवयव काढते. त्यालाच आपण अळंबे म्हणतो. झाडाच्या खोडावर फळीसारखी किंवा कंसासारखी आडवी वाढणारी अळंबी असतात, त्यांना मराठीत कंस-कवक असे सार्थ नाव आहे.

आंब्याच्या झाडाला आंबा, तसे या जाळ्याला अळंबे. त्याच्या खालच्या बाजूस बहुधा सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे असतात. त्यांतून बीजाणूंची अदृश्य धूळ हवेत सुटते. मोठे अळंबे एका दिवसात अब्जावधी बीजाणू सोडू शकते. त्यांतील बहुतेक वाया जातात. एखादा झाडाच्या उघड्या जखमेवर पडतो आणि रुजतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. अळंबे काढून टाकल्याने रोग जात नाही, जसे आंबे उतरविल्याने आंब्याचे झाड मरत नाही. आमचे शिपाईकाका दरवर्षी तेच करीत होते. दुसरे असे, की अळंबे दिसले त्या दिवशी रोग सुरू झाला असे समजू नये. आतील जाळे त्यापूर्वी कित्येक वर्षे वाढत असते. म्हणून अळंबे काढून फेकण्याआधी ते नीट पाहून त्याची नोंद करावी.

आधी लाकूड कुजते आणि मग त्यावर बुरशी येते, असा समज पूर्वी विद्वानांतही होता. जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग (१८३९–१९०१) यांनी लाकडाच्या कुजण्यावर १८७८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बुरशी हे कुजण्याचे कारण आहे, परिणाम नव्हे, हे सूक्ष्मदर्शकाच्या आधारे दाखवून दिले. वृक्षरोगशास्त्राचा पाया तेथे घातला गेला. आपल्या देशात कलकत्त्याचे सहायराम बोस यांनी बंगालमधील कंस-कवकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील बी. के. बक्षी यांचा झाडांवरील आणि इमारती लाकडावरील भारतीय कंस-कवकांविषयीचा ग्रंथ १९७१ साली निघाला.

लाकूड कुजते म्हणजे काय

लाकडाची रचना समजण्यास सिमेंट-काँक्रीटच्या खांबाचा दृष्टांत उपयोगी पडतो. खांबात लोखंडी सळ्या असतात आणि त्यांच्याभोवती काँक्रीट असते. सळ्या ताण सोसतात, काँक्रीट दाब सोसते. लाकडात सळ्यांचे काम सेल्युलोजचे धागे करतात आणि काँक्रीटचे काम लिग्निन नावाचे कठीण द्रव्य करते. दोहोंना सांधणारे हेमिसेल्युलोज हे तिसरे द्रव्य. साधारणपणे लाकडाच्या वजनात चाळीस ते पन्नास टक्के सेल्युलोज असते, तर उरलेल्या दोन द्रव्यांचा वाटा प्रत्येकी वीस ते तीस टक्क्यांच्या आसपास असतो. कोणती बुरशी यांतील काय खाते, यावरून कुजण्याचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार तपकिरी कूज. यात बुरशी सेल्युलोज खाते आणि लिग्निन बव्हंशी मागे ठेवते. खांबातील सळ्याच जणू काढून घेतल्या जातात. लाकूड गडद तपकिरी होते, त्यास आडव्या-उभ्या चिरा पडून चौकोनी तुकडे होतात आणि चिमटीत धरून चुरडले तर भुकटी होते. हा प्रकार फसवा आहे. कारण लाकडाचे वजन दहा टक्केही घटले नसेल, तेव्हाच त्याची आघात सोसण्याची शक्ती निम्म्याहून अधिक नाहीशी झालेली असते. देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांत आणि त्यांच्या लाकडापासून केलेल्या खोक्यांत, फळ्यांत तो विशेष आढळतो.

दुसरा प्रकार पांढरी कूज. येथे बुरशी लिग्निनही पचविते. लाकूड फिकट, ओलसर, तंतुमय आणि स्पंजासारखे होते. कित्येकदा त्यात शाईने ओढल्यासारख्या काळ्या रेषा दिसतात. रुंद पानांच्या झाडांत, म्हणजे आपल्या अंगणातील आणि रस्त्यांवरील बहुतेक झाडांत, हाच प्रकार अधिक असतो. आमच्या गुलमोहराच्या मुळ्यांत तोच होता.

तिसरा प्रकार मृदू कूज. या प्रकाराला १९५४ साली स्वतंत्र ओळख मिळाली. यात सूक्ष्म कवके सतत ओल्या राहणाऱ्या लाकडाच्या पेशीभित्तिकांत बारीक पोकळ्या कोरतात. पाण्यात रुतलेले खांब, जमिनीत पुरलेले वासे पृष्ठभागावरून मऊ पडतात, ते पुष्कळदा यामुळे.

झाड आपला बचाव कसा करते

आपल्याला जखम झाली तर तेथील मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात आणि जखम भरते. झाडाचे तसे नसते. झाडाचे जखमी लाकूड कधीच पूर्ववत होत नाही. झाड त्या भागाभोवती भिंती घालते आणि त्यापुढे नवे लाकूड वाढवीत जाते. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे यांत्रिक करवतीने उभी चिरून हे सिद्ध केले आणि १९७७ साली आपला सिद्धांत मांडला. त्यांच्या मते झाड चार भिंती उभारते. पहिली भिंत रोगास वर-खाली जाण्यापासून अडविते. ती सर्वांत दुबळी असते, म्हणून कूज खोडात उभी लांबवर पसरते. दुसरी भिंत आत गाभ्याकडे जाण्यास विरोध करते, तर तिसरी बाजूला पसरण्यास. चौथी भिंत जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाचे रक्षण करते आणि ती सर्वांत बळकट असते.

गाभा पूर्ण पोकळ झालेला वृक्ष बाहेरून हिरवागार आणि फुललेला का दिसतो, याचे उत्तर या चौथ्या भिंतीत आहे. पाणी आणि अन्न वाहून नेणारे थर बाहेरच्या बाजूस असतात आणि ते शाबूत राहतात. म्हणून 'झाडाला पालवी चांगली आहे, अर्थी झाड भक्कम आहे' हा निष्कर्ष बरोबर नाही. आमचा गुलमोहर पडला त्या वर्षीही मे महिन्यात फुलला होता.

काही ओळखीची अळंबी

आपल्या भागात वारंवार भेटणारी काही अळंबी सांगतो.

गॅनोडर्मा : पृष्ठभाग तांबूस, रोगण लावल्यासारखा, वाढती कडा पांढरी वा पिवळसर, खालची बाजू पांढरट, आसपासच्या पानांवर आणि मातीवर कोकोच्या भुकटीसारखी बीजाणूंची धूळ. गुलमोहर, शिरीष, शिसवी अशा अनेक वृक्षांच्या मुळांना आणि बुंध्याला हे कवक ग्रासते. नारळ-पोफळीच्या बागाही याच्या तडाख्यात सापडतात. तमिळनाडूच्या तंजावर भागात १९५२ साली नारळावर याचा मोठा प्रादुर्भाव झाला, तर कर्नाटकात पोफळीवरील रोगास अळंब्याच्या कानडी नावावरूनच 'अणबे रोग' म्हणतात. याच कुळातील दुसऱ्या एका जातीचा पृष्ठभाग निस्तेज करडा-तपकिरी असतो. तिच्या पांढऱ्या खालच्या बाजूवर काडीने रेघ ओढली की ती तपकिरी होऊन कायम राहते, म्हणून चित्रकार त्यावर चित्रेही काढतात.

येथे आणखी एक कबुली देणे प्राप्त आहे. मी ज्या ऐटीत ल्युसिडम हे नाव सांगितले, तेही आज टिकलेले नाही. ते नाव मूळ युरोपातील जातीचे. भारतातील ज्या चकाकत्या अळंब्यांना सरसकट ते लावले जाई, ती अनेक भिन्न जातींची आहेत, असे जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. नावे अशी बदलत राहतात. बुंध्याशी उगवलेल्या गॅनोडर्माचा झाडासाठी असलेला अर्थ मात्र बदललेला नाही.

फेलिनस : घोड्याच्या खुरासारखे, दगडासारखे कठीण, वर्षानुवर्षे टिकणारे. वरचा भाग काळपट आणि भेगाळलेला. आतील गर गंजाच्या रंगाचा. प्रयोगशाळेतील पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब गरावर टाकला की तो काळा पडतो. हा प्रयोग मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा, कारण ते द्रावण त्वचा भाजते. हे कवक बहुधा खोडाच्या गाभ्यात राहते. ज्या गाभ्यापासून कात काढतात तो खैराचा गाभाही याच्या एका जातीने पोखरला जातो. फणसावर वाढणाऱ्या अशा कठीण अळंब्याला कोकणात फणसांबा वा फणसोंबा म्हणतात. लहान मुलांच्या तोंडातून फार लाळ गळत असेल किंवा तोंड आले असेल तर ते पाण्यात उगाळून लावण्याची जुनी रीत आहे. ही रीत मी केवळ माहितीसाठी सांगितली. ओळख पटल्यावाचून कोणतेही अळंबे खाऊ नये आणि औषध म्हणूनही वापरू नये.

शिझोफायलम : नखाएवढे ते दोन बोटे रुंद, करडे-पांढरे, केसाळ, पंख्यासारखे. खालच्या पट्ट्या लांबीत दुभंगलेल्या असतात, हीच त्याची खूण. उन्हाळ्यात आक्रसून मिटते आणि पाऊस पडताच पुन्हा उघडते. ते बहुतेक वेळा मेलेल्या किंवा उन्हाने सालपटलेल्या फांदीवर येते. त्या कडुनिंबावर हेच होते. वाळकी फांदी काढली असती तर पुरे होते.

याखेरीज तोडलेल्या ओंडक्यांवर उन्हात चमकणारे पातळ शेंदरी-लाल कंस-कवक, कोळशाच्या गोळीसारखे काळे आणि आत वर्तुळाकार थर असलेले डॅल्डिनिया, माणसाच्या कानासारखे लवचिक ऑरिक्युलेरिया ही मंडळी मुख्यतः मेलेल्या लाकडावर जगतात. ती दिसली म्हणजे तेवढा भाग मेला आहे, एवढाच अर्थ घ्यावा.

कोठे उगवले, ते आधी पाहा

जातीचे नाव सांगणे कित्येकदा तज्ज्ञालाही कठीण जाते. परंतु अळंबे झाडाच्या कोणत्या भागावर आहे, हे शाळकरी मुलालाही सांगता येते, आणि निर्णयाच्या दृष्टीने तीच माहिती अधिक मोलाची असते.

अळंबे मेलेल्या फांदीवर असेल तर ती फांदी योग्य रीतीने काढावी. झाडास हात लावण्याचे कारण नाही. अळंबे खोडावर उंचावर, जुन्या जखमेच्या जागी असेल तर गाभा कुजत असण्याचा संभव आहे. अशा झाडाची तपासणी करावी. अळंबे बुंध्याशी, मुळांवर किंवा मुळांच्या दिशेने जमिनीतून आलेले असेल तर ती सर्वांत गंभीर खूण समजावी. झाडाला जमिनीशी बांधून ठेवणाऱ्या दोरखंडांवरच तेथे घाला पडलेला असतो, आणि पावसाने माती मऊ झाली की असे झाड वाऱ्यावाचूनही पडू शकते. त्यातच एका बाजूची जमीन उचलली जात असेल, मातीला भेग पडली असेल किंवा झाड अलीकडे कलू लागले असेल, तर तज्ज्ञ येईपर्यंत त्याखालची वर्दळ तत्काळ थांबवावी.

पोकळ झाड पडलेच पाहिजे का

पोकळ खोड म्हणजे धोकादायक खोड, असा सर्वसाधारण ग्रह आहे. थोडे गणित करून पाहू. गोल खांबाचा वाकण्यास होणारा विरोध त्याच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. खोडाची त्रिज्या चाळीस सेंटीमीटर आहे आणि मधोमध वीस सेंटीमीटर त्रिज्येची पोकळी पडली असे समजा. पोकळी त्रिज्येच्या निम्मी झाली, पण विरोध घटला तो एकाचा सोळावा भाग, म्हणजे सुमारे सहा टक्के. पोकळी अठ्ठावीस सेंटीमीटर झाली तर घट सुमारे चोवीस टक्के. ती छत्तीस सेंटीमीटर झाली आणि चारच सेंटीमीटरची भिंत उरली, तर मात्र सुमारे दोन तृतीयांश बळ गेले. सायकलीची नळी पोकळ असूनही आपले वजन का पेलते, त्याचेही कारण हेच.

जर्मनीतील क्लाउस मॅथेक यांनी पुष्कळ झाडांच्या निरीक्षणावरून असा ठोकताळा दिला, की निकोप भिंत त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल तोवर पोकळ खोड सहसा टिकते. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. खोडाला उघडी खाच असेल, पोकळी एका बाजूला असेल किंवा मुळे कुजली असतील तर तो लागू पडत नाही.

भिंत किती उरली हे कसे कळावे? लाकडी हातोडीने खोडावर सर्व बाजूंनी ठोकून पाहावे. निकोप लाकूड खणखणीत बोलते, पोकळ वा कुजका भाग बद्द आवाज देतो. बारीक पोलादी सळई भेगेतून किती आत जाते तेही पाहावे. शंका उरली तर आता खोडातून ध्वनिलहरी पाठवून आतील चित्र काढणारी आणि सुईसारखे गिरमिट आत घालून लाकडाचा विरोध मोजणारी यंत्रे मिळतात. गिरमिटाने मात्र लहानशी नवी जखम होते, म्हणून ते कामापुरतेच वापरावे.

दारे आपणच उघडतो

बीजाणू सर्वत्र आहेत. त्यांना अडविणे कोणाच्याही हातात नाही. झाडाची अखंड साल हे त्यांच्याविरुद्धचे खरे कवच असून, ते फोडण्याचे काम बहुधा माणूस करतो. तारांखालच्या फांद्या कुऱ्हाडीने छाटून ठेवलेली थोटके, पाट्यांसाठी ठोकलेले खिळे, बुंध्याशी पेटविलेला पालापाचोळा, खोडाला करकचून बांधलेल्या तारा, नळासाठी खणताना तोडलेल्या मुळ्या, खोडाला भिडवून घातलेला काँक्रीटचा ओटा, ही सारी उघडी दारे होत. गुलमोहर पडण्यापूर्वी काही वर्षे टाकीचा नळ घालताना त्याच्या एका बाजूच्या मुळ्या तोडल्या गेल्या होत्या, हे मला पुढे आठवले.

मुळांनाही श्वास लागतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आपल्या शहरात शिरले, हे आपण सर्वांनी अनुभवले. पाणी साचून राहिलेल्या जागी बारीक मुळे गुदमरतात. त्याचे परिणाम काही हंगामांनंतर दिसू शकतात. म्हणून अशा जागची झाडे पुढील काही पावसाळे विशेष लक्ष देऊन पाहावीत.

फांदी काढावयाची झाली तर करवतीने काढावी. फांदी खोडातून निघते तेथे एक फुगीर कडे असते. ते कडे न दुखविता त्याच्या लगेच बाहेर काप घ्यावा. खोडास घासून कापू नये आणि लांब थोटूकही ठेवू नये. जड फांदी असेल तर आधी थोडे दूर खालून अर्धा काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून पूर्ण काप आणि शेवटी कड्याजवळ तिसरा काप घ्यावा, म्हणजे साल फाटत नाही. जखमेवर डांबर फासणे आणि पोकळीत सिमेंट भरणे या जुन्या रीती आता सोडून दिल्या पाहिजेत. त्यांनी कूज थांबत नाही. उलट ओल कोंडते आणि आत काय चालले आहे ते दिसेनासे होते.

कुजण्याची दुसरी बाजू

इतके ऐकल्यावर बुरशी म्हणजे झाडांची वैरीण, असा समज होऊ नये. लिग्निनचे पूर्ण विघटन करण्याचे सामर्थ्य सृष्टीत मुख्यतः पांढरी कूज आणणाऱ्या कवकांपाशी आहे. ती नसती तर रानात पडलेली खोडे साचत राहिली असती आणि त्यांत अडकलेले द्रव्य मातीला परत मिळाले नसते. तांबट पक्षी मऊ पडलेल्या वाळक्या फांदीतच आपले घरटे कोरतो. पिंगळा आणि पोपट खोडाच्या ढोलीत राहतात. कोकणातील धनेशाला मोठ्या वृक्षाची ढोली मिळाली नाही तर त्याची वीणच होत नाही. ढोल्या तयार होण्यास कवकाचा हात लागतोच. म्हणून जेथे माणसाच्या जिवाला धोका नाही, तेथे कुजके झाड उभे राहू देणे हेही वृक्षसंगोपनच होय.

आपला वड

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शाळेच्या मागील अंगणातील वडाच्या खोडावर गेल्या पावसाळ्यात खुराच्या आकाराचे एक अळंबे दिसले आणि झाड तोडावे काय, अशी पृच्छा मुख्याध्यापकांनी माझ्याकडे केली. मी वड पाहून आलो. अळंबे फेलिनसचे आहे. ते जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंचीवर, पूर्वी कुऱ्हाडीने तोडलेल्या फांदीच्या जागी आहे. हातोडीचा आवाज तेवढ्याच पट्ट्यात बद्द येतो. खाली बुंध्याशी तो खणखणीत आहे. बुंध्याशी वा मुळांवर एकही अळंबे नाही, माती उचललेली नाही, आणि दोन पारंब्या जमिनीत रुजून खांबासारख्या झाल्या आहेत.

माझे मत असे, की हा वड तोडू नये. अंगणावर लांब पसरलेल्या एका फांदीचा भार योग्य रीतीने हलका करावा, तिच्याखालचे बाक दुसरीकडे न्यावे, जमिनीकडे येणाऱ्या पारंब्या कापू नयेत आणि खोडाची यंत्राने एकदा तपासणी करून घ्यावी. त्या तपासणीत भिंत पातळ निघाली तर मी माझे मत बदलेन. झाडावरच्या प्रेमापेक्षा त्याखाली खेळणाऱ्या मुलांचा जीव मोठा आहे.

याबरोबरच एक विनंती आहे. शाळेने एक वृक्षनोंदवही ठेवावी. दरवर्षी पावसाळ्याच्या मध्यास आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आठवी-नववीच्या मुलांनी शिक्षकांसह प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारावी आणि पाच गोष्टी लिहाव्यात : झाड कोणते, अळंबे आहे काय, असल्यास कोणत्या भागावर, खोडावर नवी जखम कोणती, आणि जमीन वा झाडाचा कल बदलला आहे काय. लॅटिन नाव आले नाही तरी चालेल. मात्र बुंध्याशी अळंबे दिसले तर ती नोंद त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या हाती गेली पाहिजे.

शिपाईकाकांनी मला जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर देण्यास मला फार उशीर झाला. ते आज हयात नाहीत. "म्हणजे काय?" असे त्यांनी विचारले होते, आणि आमचे गुरुजीही प्रत्येक नावानंतर नेमके हेच विचारीत. ही नोंदवही भरणाऱ्या मुलांनीही तोच प्रश्न विचारीत राहावे, एवढीच इच्छा व्यक्त करतो.